उंबरठ्यावरची आघाडी

डिसेंबर महिना उजाडला की सैन्यदलांच्या स्मृतींचे दिवस एकामागोमाग एक येऊ लागतात. ४ तारखेला नौदल दिन, ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ तारखेला विजय दिवस. स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात, शाळाशाळांतून देशभक्तिपर गीते घुमतात. हे सारे व्हावयासच हवे. परंतु या सोहळ्यांत युद्धाचा एक मोठा भाग दरवर्षी निसटून जातो. रणांगणावर उभ्या असलेल्या प्रत्येक सैनिकामागे एक घर उभे असते. त्या घराने काय सोसले, कशावाचून दिवस काढले, तार आल्यानंतर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवली, याची नोंद कोणत्याही युद्धवृत्तांतात सापडत नाही. युद्धविराम झाला की सीमेवरची लढाई थांबते. उंबरठ्यावरची लढाई मात्र पुढे तीस-चाळीस वर्षे चालू राहते.

आज या विषयाची आठवण करून देण्यास कारण आहे. पहलगामच्या नृशंस हत्याकांडानंतर ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम योजण्यात आली. त्यासाठी महाराष्ट्रातील जी ठिकाणे निवडली होती, त्यांत मुंबई व तारापूर यांच्या जोडीने उरणचे नाव पहिल्या गटात होते. बंदर, तेल-वायूचा प्रकल्प आणि नौदलाचे ठाणे असलेल्या गावाचे नाव तेथे असणे स्वाभाविकच होते. भोंगा वाजला म्हणजे काय करायचे, दिवे का मालवायचे, खिडक्यांच्या काचांना कागद कशासाठी चिकटवायचा, हे प्रश्न नव्या पिढीला पडावेत यातही नवल नाही. १९७१ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ या किनाऱ्यावरील घरांना त्यांची उत्तरे शोधावी लागली नव्हती. ज्यांना ती तोंडपाठ होती, ते आजी-आजोबा त्याच सदनिकेच्या आतल्या खोलीत बसलेले होते. त्यांना आपण कधी विचारले होते का?

नवी मुंबईला युद्धाची स्मृती कोठून असणार, असे कोणी म्हणेल. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे शहर वसले. १९७१ च्या डिसेंबरात येथे भातखाचरे, मिठागरे आणि कोळीवाडे होते. शहर कागदावरच होते. येथील बहुसंख्य कुटुंबे नंतर कोठून ना कोठून आली. त्यामुळे या शहराला स्वतःचा इतिहास नाही, असा एक समज रूढ झाला आहे. तो खरा नव्हे. या शहराची युद्धस्मृती दोन ठिकाणी जपलेली आहे: समोरच्या बंदरात आणि येथे येऊन वसलेल्या माणसांच्या मूळ गावांत.

प्रथम बंदराकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत मे १९४३ मध्ये अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले. पुढील कित्येक वर्षे मध्यमवर्गीय कुटुंबाचे जीवन ज्या रेशनकार्डाभोवती फिरले, त्याचा प्रारंभ त्या युद्धात आहे. त्यानंतर वर्षभराच्या आत, १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. चार वाजून गेल्यावर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, हजारो बेघर झाली. आग विझविण्यास धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, शत्रू दृष्टीस पडत नव्हता. पाण्याचा पाइप घेऊन ते आपले कर्तव्य करीत होते. आजही १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. पण तो का पाळतात, हे त्या बंदराच्या समोरच राहणाऱ्या किती कुटुंबांना ठाऊक आहे?

आता गावांकडे वळू. वाशीच्या बाजार आवारात पाठीवर ओझी वाहणारा आणि कोपरखैरणे, घणसोलीत घर करून राहिलेला माथाडी कामगार मोठ्या संख्येने सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेला आहे. ज्या मातीने मुंबईला श्रमिक दिला, तिनेच सैन्याला शिपाई दिला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. खुद्द रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना धारातीर्थी पडले. तुकडीतील सर्व सहकारी मृत वा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. वय अवघे २२ वर्षांचे. मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ने त्यांचा गौरव झाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. गोव्याकडे जाणारी आपली मोटार त्या गावावरून जाते, पण थांबते का?

देश पारतंत्र्यात असताना परक्यांच्या ध्वजाखाली लढलेल्यांचे स्मरण कशासाठी, अशी शंका काही जण घेतात. ते युद्ध कोणाचे होते, याचा निवाडा इतिहासकारांनी जरूर करावा. परंतु पळसगावच्या त्या घरात जो आकांत झाला असेल, त्याला कोणताही ध्वज नव्हता. घराने दिलेला पुत्र हा घराचाच पुत्र असतो, आणि त्या त्यागाचे मोल राजवट बदलल्याने कमी होत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत घराघरांचा वाटा अधिक जाणतेपणाने दिला गेला. १९६२ मध्ये चिनी आक्रमणाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि महाराष्ट्रातील स्त्रियांनी हातातल्या पाटल्या-बांगड्या काढून राष्ट्रीय संरक्षण निधीत दिल्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनास मान देऊन असंख्य कुटुंबांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडले. धान्याची टंचाई होती, गहू अमेरिकेतून येत होता, आणि एका वेळच्या उपवासातून स्वाभिमान जपता येतो, हे साध्यासुध्या माणसाला पटले होते. ज्या घरांत आधीच एकादशी-चतुर्थीचे उपवास होते, त्यांनी त्यात देशासाठी आणखी एकाची भर घातली.

या त्यागाची दुसरी बाजूही प्रांजळपणे सांगितली पाहिजे. युद्धाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशाला परकीय चलनाची निकड होती, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपाशी बसलेल्या सुवर्णकाराचा धंदा एका रात्रीत बसला. अनेक घरांवर उपासमारीची पाळी आली, आत्महत्याही घडल्या. ज्यांनी बांगडी दिली त्यांचे कौतुक झाले. ज्याने ती घडवायची, त्याच्या संसाराचा बळी गेला, त्याचे नाव कोणत्याही निधीच्या यादीत आले नाही. गृहआघाडीचा इतिहास लिहायचा तर त्यात हा सुवर्णकारही आला पाहिजे.

१९७१ चे युद्ध पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या वर्षी पूर्व बंगालमधील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालाच्या पाकिटावर ५ पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. रक्कम क्षुल्लक, पण पत्र टाकणारा प्रत्येक जण त्या सेवेत सहभागी झाला. ३ डिसेंबरला युद्धास तोंड फुटले आणि मुंबई अंधारात गेली. काचांना काळे कागद लागले, मोटारींचे दिवे अर्धे रंगविले गेले, रेडिओभोवती अवघी चाळ गोळा होऊ लागली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, ९३ हजार युद्धकैदी हाती आले आणि शहर पुन्हा उजळले.

काही घरांतला अंधार मात्र तसाच राहिला. पश्चिम ताफ्यातील ‘खुकरी’ ही युद्धनौका ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. त्या १९४ घरांपैकी कोणालाही अखेरचे दर्शन झाले नाही. भूदलातील हुतात्म्यांच्या बाबतीतही बहुधा हेच होई. रणभूमीच्या जवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी येई ती एक तार, कधी एक पेटी. तिरंग्यात लपेटलेले पार्थिव गावी आणण्याचा प्रघात रूढ झाला तो १९९९ च्या कारगिल युद्धात. त्यापूर्वीच्या वीरमातांनी आणि वीरपत्नींनी न पाहिलेल्या मृत्यूवर विश्वास ठेवायचा होता.

कित्येकींना तेही जमणे शक्य नव्हते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या अर्जुन पुरस्काराने गौरविलेल्या बॅडमिंटनपटू. विवाहाला जेमतेम दीड वर्ष झालेले. पती कैदेत जिवंत आहेत या श्रद्धेने त्यांनी दशकामागून दशके शोध चालविला. बेपत्ता युद्धकैद्यांच्या नातेवाइकांचे पथक २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हाताने परतले. ९३ हजार कैदी परत करणाऱ्या विजयी राष्ट्राला आपल्या या मोजक्या सुपुत्रांचा हिशेब मागून घेता आला नाही, ही बोच त्या घरांनी एकट्यानेच वागवायची का?

आणि ज्या परिस्थितीशी झुंजत राहिल्या, त्यांच्याशी आपण समाज म्हणून कसे वागलो? व्यासपीठावर ‘वीरपत्नी’ म्हणून जिला शाल-श्रीफळ दिले, तिलाच संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे दिले नाही. तिने शेत कसले, मुले शिकविली, सासू-सासऱ्यांचे अखेरपर्यंत केले. मंगलकार्यात मात्र ती मागच्या दाराशी उभी राहिली. शासनाचे नियमही फार वेगळे नव्हते. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या वीरपत्नीने पुनर्विवाह केल्यास, तो दिवंगत पतीच्या भावाशी असेल तरच भत्ता चालू राहील, ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली गेली. म्हणजे इतकी वर्षे पतीच्या पराक्रमाचे मानधन तिच्या संसाराच्या निवडीला बांधलेले होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याला जे सुचले ते आपल्या सुशिक्षित वसाहतींना सुचावयास काय हरकत आहे?

ऋण फेडण्याची कल्पना आपल्या संस्कृतीत खोलवर रुजलेली आहे. हे ऋण भाषणांनी फिटणार नाही. १९७१ मध्ये जी नववधू २० वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६२ ची आठवण सांगू शकणारे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा काम हाती घ्यायचे ते आताच, आणि ते अवघड नाही. वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत, प्रत्येक गावठाणात माजी सैनिक आहेत, त्यांची कुटुंबे आहेत. कार्यकर्त्यांनी दोघा-दोघांच्या जोडीने त्यांच्या घरी जावे, शांतपणे बसावे, ऐकावे आणि लिहून घ्यावे. सैनिकाचे नाव, गाव, पलटण, वर्ष. त्याबरोबरच मनीऑर्डर किती दिवसांनी येई, पत्र कोण वाचून दाखवी, ब्लॅकआउटच्या रात्री मुलांना कसे निजविले, तार कोणी आणली. जुनी पत्रे, रेशनकार्डे, छायाचित्रे यांच्या प्रती काढून मूळ वस्तू सन्मानाने परत कराव्यात. ऐकलेल्या गोष्टीला आपल्या पदरचे अलंकार चढवू नयेत. जे सांगितले तेवढेच लिहावे. शाळांनी इतिहासाच्या प्रकल्पात आपल्याच आजीची मुलाखत घेण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. आणि येत्या संक्रांतीला आपल्या वसाहतीच्या हळदीकुंकवाचा पहिला मान जेथे वीरपत्नी असेल तेथे तिला द्यावा.

ध्वजदिनाच्या डब्यात नाणे टाकून, कोटावर छोटा ध्वज लावून आपण वर्षभरासाठी मोकळे होतो. यंदा त्यात एका भेटीची भर पडू द्या. उद्या पुन्हा भोंगा वाजलाच, तर आपल्या घरांना धीर देणारा आवाज त्या आतल्या खोलीतूनच येणार आहे. तो आवाज आहे तोवर त्याच्यापाशी जाऊन बसणे, हे आपले कर्तव्य आहे.