जिरायतीच्या हक्काचे खत

माण, आटपाडी, जत, सांगोला या अवर्षणप्रवण मुलखात पावसाने दगा दिला की सरकार छावण्या उघडते, चाऱ्याच्या गाड्यांची तजवीज करते आणि उसाच्या वाढ्यांवर गुरे कशीबशी जगवली जातात. परंतु ज्या जमिनीने हा चारा मुळात द्यावयाचा, त्या जिरायतीला व गायरानाला खताची एक पाटीही का लाभत नाही, या प्रश्नाची नोंद कोणत्याच दफ्तरात आढळत नाही.

शाळूचा कडबा रानातून गंजीत व गंजीतून दावणीत येतो; त्याचे झालेले शेण काही गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाते आणि उरलेले उकिरड्यात मुरून विहिरीखालच्या बागायतीकडे वळते. बागायतीत घातलेल्या खताचा पैसा लवकर होतो, हा शेतकऱ्याचा हिशेब समजण्यासारखा आहे. तथापि कुजलेल्या खताने मातीच्या अंगी पाणी धरून ठेवण्याचे जे सामर्थ्य येते, त्याची निकड पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या उसापेक्षा एखाद्या पावसावर तगून राहणाऱ्या ज्वारीला कितीतरी अधिक असते.

हे खत करावे कसे, याचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इंदूरच्या प्रयोगांवरील आपला ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला. त्यातील पद्धत अशी: गोठ्यात गुरांच्या पायांखाली मातीचा थर पसरावा, ती मुताने भिजली की उकरून काढावी, आणि काडीकचरा, शेण व राख यांच्याबरोबर तिचे थर उथळ खड्ड्यात रचून, ओल राखीत ते तीनदा वरखाली करावे, म्हणजे सुमारे ३ महिन्यांत खत तयार होते. नत्राचा मोठा अंश मुतात असतो, आणि आपल्या गोठ्यांतून तोच जमिनीत जिरून वाया जातो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मातीचे मोल कळते. कोरड्या मुलखात ढिगापेक्षा खड्डाच बरा, कारण त्यात ओल टिकते. सांडपाण्याच्या चार घागरी त्यावर रोज पडल्या तरी पुष्कळ काम होते.

मात्र अर्धेकच्चे शेण कोरड्या रानात टाकणे म्हणजे वाळवीला आमंत्रण देणे होय. चैत्रात रानोरान दिसणारे खताचे छोटे ढीगही मला अस्वस्थ करतात, कारण मृगापर्यंत उन्हात वाळून त्यांतील नत्राचा बराच भाग उडून जातो; खत पसरावे त्याच दिवशी कुळवाने ते मातीआड करावे, हे उत्तम.

धनगरांची मेंढरे रात्री रानात बसवण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे: लेंडी व मूत दोन्ही जागच्या जागी पडतात, गाडीभाडे लागत नाही, आणि त्याबद्दल धान्य किंवा रोकड देण्यात शेतकऱ्याला कधी जड वाटलेले नाही. गावाने हीच बैठक गायरानावर पाळीपाळीने घडवून, मग तेथे अंजन, मारवेल वा स्टायलो पेरून पहिली दोन वर्षे चराईबंदी ठेवावी.

आणि छावण्यांत साचणारे शेण? छावणीच्या मंजुरीच्या आदेशातच महसूल खात्याने अट घालावी, की ते सारे खड्ड्यात कुजवून त्याच तालुक्यातील गायरानांना व वैरणीच्या रानांना द्यावे, आणि वाहतुकीचा खर्च छावणीच्या खर्चातच धरावा.

— माणदेशी