आकडा देशाचा, घर कुणाचे?

सिमेंटसाठी 100 किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळाच. हा वायू दगडातला. या उत्सर्जनात आज चीन पहिला, भारत दुसरा. युरोप-अमेरिकेची बरीच बांधकामे आधीच झाली, म्हणून त्यांचे वार्षिक आकडे लहान दिसतात. पण नुसती इतिहासाची ढाल पुरत नाही. सिमेंटपुरती चीनची आजवरची बेरीजही सर्वांत मोठी आहे. म्हणून आम्ही म्हणतो, माणशी मोजा. भारतात दरडोई सिमेंट जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. तिथेही थांबू नका. टॉवरमधला आणि पत्र्याच्या खोलीतला एका सरासरीत बसवले म्हणून समान होत नाहीत. कपात सुचवणाऱ्यांनी आधी सांगावे, पक्के घर कुणाचे अडवणार?