विश्लेषण : नवा टॅब येणार म्हणून आजची खरेदी थांबवावी का?

कॉलेजे सुरू होताना आणि दिवाळीच्या तोंडावर मोबाइलच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘याचं नवीन मॉडेल कधी येणार?’ माणिकपूरही त्याला अपवाद नाही. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेला विद्यावर्धिनीची महाविद्यालये आहेत, आसपास क्लासेस आहेत आणि घराघरांत अकरावी-बारावी, डिप्लोमा, इंजिनीअरिंगची मुले आहेत. वीस-पंचवीस हजारांचा टॅब ही यातील बहुतेक घरांसाठी वर्षातील मोठी खरेदी असते. आज घेतला आणि दोन महिन्यांत नवा आला तर पैसे गेल्यासारखे वाटते. थांबावे, तर अभ्यासाचे दिवस जातात. हा निर्णय अंदाजावर सोडण्याऐवजी हिशेबाने कसा घ्यायचा, याचा आढावा.

नवे मॉडेल नेमके किती दिवसांनी येते?

याचे एकच उत्तर नाही, आणि फसगत इथूनच सुरू होते. ‘टॅब दरवर्षी बदलतो’ हा समज मोबाइलवरून आलेला आहे. प्रत्यक्षात कंपनीच नव्हे, तर एकाच कंपनीची वेगवेगळी मॉडेलेही वेगवेगळ्या गतीने बदलतात. सॅमसंगचा कमी किमतीचा गॅलेक्सी टॅब ए-९ भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. त्याच्या जागी टॅब ए-११ यायला सुमारे दोन वर्षे लागली. ॲपलचा एम-२ चिपचा आयपॅड एअर मे २०२४ मध्ये आला आणि अवघ्या दहा महिन्यांत, मार्च २०२५ मध्ये, एम-३ चिपचा एअर त्याच ५९,९०० रुपयांच्या सुरुवातीच्या किमतीला हजर झाला.

सर्वांत गाजलेले उदाहरण २०१२ मधले. त्या वर्षी मार्चमध्ये तिसऱ्या पिढीचा आयपॅड आला आणि ऑक्टोबरमध्ये, सातव्या महिन्यात, चौथ्या पिढीचा. नव्या आयपॅडची चार्जिंगची पिनही वेगळी होती. याउलट २०२३ या संपूर्ण वर्षात ॲपलने एकही नवा आयपॅड आणला नाही. त्या वर्षी ‘पुढच्या महिन्यात येईल’ म्हणून थांबलेल्यांचे वर्ष थांबण्यातच गेले.

थांबण्याचा फायदा खरेच होतो का?

होतो, पण मॉडेल जुने झालेले असेल तेव्हा. दहाव्या पिढीच्या आयपॅडचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो भारतात ४४,९०० रुपयांना आला. मे २०२४ पर्यंत त्याची अधिकृत किंमत ३४,९०० रुपयांवर आली. म्हणजे नवे मॉडेल न येताच दहा हजार रुपये उतरले. त्यानंतर ४ मार्च २०२५ रोजी ए-१६ चिपच्या नव्या आयपॅडची घोषणा झाली. किंमत तीच, ३४,९०० रुपये; मात्र सुरुवातीचे स्टोरेज ६४ जीबीवरून १२८ जीबी झाले.

यात तीन प्रकारचे ग्राहक दिसतात. पहिल्या वर्षी नव्या मॉडेलसाठी थांबलेला ग्राहक वाया थांबला. मे २०२४ मध्ये किंमत उतरल्यावर घेणाऱ्याला दहा महिने वापर मिळाला आणि दहा हजारही वाचले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण किमतीला घेणारा मात्र तोट्यात गेला. त्याच पैशांत महिनाभरात दुप्पट स्टोरेज मिळाले असते. म्हणून ‘नवे कधी येणार’ हे विचारण्याआधी ‘समोरचे मॉडेल बाजारात येऊन किती महिने झाले’ हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडे नसते, दुसऱ्याचे कंपनीच्या संकेतस्थळावर तारखेसह मिळते. सहा महिन्यांच्या मॉडेलसाठी थांबण्यात सहसा अर्थ नसतो. दीड-दोन वर्षे उलटलेल्या मॉडेलसाठी थोडे थांबणे किंवा मोठी सवलत मागणे, दोन्ही रास्त आहे.

वाट पाहणे महागात कधी पडते?

भारतात टॅबची सर्वांत मोठी वाट ‘आकाश’साठी पाहिली गेली. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त टॅब म्हणून ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्याचे अनावरण झाले. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने जोर देऊन दाबावी लागणारी स्क्रीन यांमुळे तो लगेच टीकेचा धनी झाला. मग सुधारित आवृत्तीची चर्चा सुरू झाली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘आकाश-२’ आला आणि या टप्प्यात पवईच्या आयआयटी मुंबईकडे मोठी जबाबदारी आली. दरम्यान पुरवठा रखडला, मुदती पुढे गेल्या आणि त्याहून पुढच्या आवृत्तीची चर्चा रंगू लागली. प्रत्येक वेळी कागदावरचे पुढचे मॉडेल आधीपेक्षा सरस होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब देण्याचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. अकरावीत वाट पाहू लागलेला मुलगा तोवर बारावी ओलांडून गेला होता.

अलीकडचे उदाहरण जीएसटीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये करकपातीची घोषणा झाल्यावर अनेकांनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची खरेदी लांबवली. २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. टॅब, लॅपटॉप आणि मोबाइल आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, ते तिथेच राहिले. टॅबसाठी थांबलेल्यांना करातून एक रुपयाही मिळाला नाही.

तिसरी गोष्ट किमतीच्या दिशेची. ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू थांबले की स्वस्त होते’ हा अनुभव बहुतेक वेळा खरा असतो, नेहमी नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी प्रचंड वाढली आणि चिपचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा मेमरी ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. टॅबच्या खर्चात मेमरी आणि स्टोरेजचा वाटा मोठा असतो. चिप महागली की कंपनी एक तर किंमत वाढवते किंवा त्याच किमतीत कमी रॅम देते. अशा काळात पुढचे मॉडेल अधिक चांगले आणि त्याच किमतीत येईलच, हे गृहीत धरता येत नाही.

अफवा आणि पक्की बातमी कशी ओळखायची?

यूट्यूबवरील ‘लीक’ ही माहितीची सर्वांत खालची पायरी. त्याच्या वरची पायरी भारतीय मानक ब्युरोची. टॅबला भारतात विक्रीपूर्वी ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे एखादा मॉडेल क्रमांक त्या यादीत दिसला, तर ते मॉडेल भारतात आणण्याची तयारी सुरू आहे असे समजता येते. पण त्यातून तारीख कळत नाही आणि किंमतही नाही. सर्वांत वरची पायरी म्हणजे कंपनीची अधिकृत घोषणा : किंमत आणि विक्रीची तारीख यांसह.

पूर्वी घोषणेनंतरही बराच काळ जाई. पहिला आयपॅड जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाला, एप्रिलमध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि भारतात अधिकृतपणे पोहोचायला जानेवारी २०११ उजाडला. आता हे अंतर फारच कमी झाले आहे. ए-१६ आयपॅडची घोषणा ते विक्री यांत जेमतेम आठवडा गेला. त्यामुळे अधिकृत घोषणा झाली असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबण्यात काहीच नुकसान नाही. केवळ लीकच्या भरवशावर मात्र एक दिवसही थांबू नये.

हिशेब कसा मांडायचा?

किमतीला वापराच्या महिन्यांनी भागायचे. समजा, जून महिना आहे. दुकानात सध्याचे मॉडेल २० हजारांना आहे आणि नवे ऑक्टोबरमध्ये २५ हजारांना येईल असा अंदाज आहे. सध्याच्या मॉडेलचे तीन वर्षांचे अपडेट शिल्लक आहेत, नव्याला पाच वर्षांचे मिळतील.

पहिले घर : मुलगी अकरावीत आहे, टॅब दोन वर्षांच्या अभ्यासापुरताच हवा. आजचे मॉडेल २४ महिने वापरले जाईल; महिन्याला सुमारे ८३३ रुपये. नव्यासाठी थांबले तर चार महिने गेले, उरले २०. महिन्याला १,२५० रुपये. शिवाय पहिल्या चार महिन्यांचा अभ्यास टॅबविना.

दुसरे घर : घाई नाही, टॅब आजी-आजोबांच्या व्हिडीओ कॉलसाठी आणि घरच्या वापरासाठी, चालेल तितकी वर्षे हवा. आजचे मॉडेल ३६ महिन्यांसाठी, महिन्याला सुमारे ५५६ रुपये. नवे ६० महिन्यांसाठी, महिन्याला सुमारे ४१७ रुपये. इथे थांबणे स्वस्त.

दोन्ही घरांसमोर तेच दोन टॅब, त्याच किमती. उत्तरे मात्र उलटी. कारण उत्तर टॅबमध्ये नव्हे, तर तो कधीपासून आणि किती काळ हवा यात आहे.

जुने मॉडेल घेताना काय तपासावे?

* अपडेटची वर्षे : ती सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, बिलाच्या तारखेपासून नव्हे. सॅमसंगने टॅब एस-१० मालिकेला सात वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले आहे. पण तो दोन वर्षांनी घेतला तर हातात पाचच उरतात. ॲपलच्या २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२५ मधील मोठे अपडेट मिळाले नाही, म्हणजे त्याची साथ साधारण सहा वर्षांची ठरली.
* सिम की फक्त वाय-फाय : फक्त वाय-फायच्या टॅबवर यूपीआयची नोंदणी होत नाही, कारण त्यासाठी बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. व्हॉट्सॲपने आयपॅडसाठी स्वतंत्र ॲप आणायलाही मे २०२५ उजाडला. ‘हे ॲप पुढे येईल’ या आशेवर टॅब घेऊ नये. आज जे चालते तेच खरे.
* पेन्सिल, कव्हर, चार्जर : आयपॅडची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, सॅमसंगच्या एस मालिकेत पेन सोबत येतो. तुलना करायची ती या सगळ्यांसह होणाऱ्या एकूण रकमेची.
* हप्ते : ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडेच राहते. रोखीची किंमत वेगळी विचारावी.
* डिस्प्लेचा पीस : काउंटरवर मांडलेला टॅब महिनोन्‌महिने चार्जिंगला लावलेला असू शकतो. सीलबंद बॉक्सच मागावा.

वसईकरांनी वेगळे काय पाहावे?

लोकलने शिकायला किंवा कामाला जाणाऱ्याला टॅब रोज बॅगेत न्यायचा असतो. वसई रोडच्या फलाटावरील सकाळची गर्दी लक्षात घेता अकरा इंची टॅबपेक्षा आठ-नऊ इंची टॅब आणि मजबूत कव्हर अनेकांना सोयीचे ठरेल. पावसाळ्यात वीज जाणे इथे नवे नाही. जुलै २०१८ च्या पुरात शहराचा मोठा भाग अंधारात होता. त्यामुळे पातळपणापेक्षा बॅटरीला आधी गुण द्यावेत. आखातातील नातेवाइकाकडून नवे मॉडेल लवकर मागवण्याची सोय वसईत अनेक घरांना आहे. तिथे किंमत पाहण्याआधी त्या टॅबची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीकडून खात्रीने जाणून घ्यावे.

आणखी एक वाट सरकारी टॅबची असते. ‘महाज्योती’ संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विज्ञान शाखेच्या पात्र विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या प्रशिक्षणासाठी मोफत टॅब आणि इंटरनेट डेटा देते. पात्र असेल त्याने अर्ज जरूर करावा. पण टॅब हाती येईपर्यंतचा अभ्यास घरातल्या मोबाइलवर किंवा छापील पुस्तकांवर सुरू राहिलाच पाहिजे.

मग निर्णय काय?

परीक्षेची किंवा कामाची तारीख ठरलेली असेल आणि नव्या मॉडेलची घोषणा झालेली नसेल, तर आजच घ्यावा. घोषणा झाली असेल, तर विक्री सुरू होईपर्यंत थांबावे आणि तेव्हा नव्या-जुन्या दोन्ही किमती समोर ठेवून ठरवावे. घोषणा नाही, घाईही नाही आणि मॉडेल दीड-दोन वर्षांचे झाले असेल, तर पुढच्या सेलपर्यंत थांबायला हरकत नाही. पण कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहून. त्या तारखेला जे चांगले उपलब्ध असेल ते घेऊन मोकळे व्हावे.

नवे मॉडेल कायमच ‘येणार’ असते, कारण कंपन्यांचा धंदाच त्यावर चालतो. सीईटी आणि नीटच्या तारखा त्यांच्यासाठी थांबत नाहीत. दहा टक्के वेगवान चिपसाठी अभ्यासाचे चार महिने देणे हा कोणत्याही सवलतीत न बसणारा तोटा आहे. थांबायचे किती, हे घराच्या गरजेने ठरवावे. कंपनीच्या वेळापत्रकाने नाही.