रानातली लहान सुरी

सुटीत मुले पचमढीला अथवा सह्याद्रीत शिबिरास निघाली, की घरोघरी प्रश्न उद्भवतो: बरोबर सुरी द्यावी काय, आणि कोणती? परदेशी अशी सुरी शिकार सोलण्यासाठीही वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार निषिद्ध आहे. तेव्हा काटक्या तासणे, दोर कापणे, फळे चिरणे एवढेच काम उरते. त्यास चार इंचांचे पाते पुष्कळ झाले.

मिटणारा चाकू सुबक खरा. परंतु जोर पडताच त्याचा सांधा दगा देतो आणि पाते बोटांवर मिटते. म्हणून न मिटणारी सुरीच घ्यावी. तिचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे. साधे पोलाद दगडावर चटकन पाजळते, पण ओलीने गंजते; पावसाळी मुलखात स्टेनलेस बरे. मूठ ओल्या हातातून न निसटणारी व म्यान घट्ट हवे.

मुलाच्या हाती बोथट सुरी बरी, हा समज मात्र घातक होय. बोथट पात्यास जोर अधिक लागतो, आणि तेच घसरते. पाते अंगापासून दूर चालवावे, हे आधी शिकवावे. सुरी मागाहून द्यावी.