तानसा ओसंडण्याआधी: नदीकाठच्या गावांना तातडीचे आवाहन

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि तानसाकाठच्या पाड्यापाड्यांतल्या ग्रामस्थांनो,

दर पावसाळ्यात एक बातमी येते आणि मुंबई खूश होते: तानसा तलाव भरून वाहू लागला. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी ती जुलैच्या उत्तरार्धात आली. टीव्हीवर दरवाजांतून उसळणारे पाणी दाखवतात, पाणीकपात टळली म्हणून लोक हुश्श म्हणतात. ते पाणी पुढे कुठे जाते, हे मात्र कुणी दाखवत नाही. ते आपल्याकडे येते. मुंबईची आनंदवार्ता हीच आपली धोक्याची घंटा, एवढे या पावसाळ्यात प्रत्येक घराने पक्के ध्यानात ठेवावे, म्हणून हे आवाहन.

1892 साली बांधून झालेले हे धरण मुंबईला पाणी पाजण्यासाठी आहे, पूर अडवण्यासाठी नाही. त्याच्या पोटात 14,508 कोटी लिटर पाणी मावते. पातळी 128.63 मीटरला टेकली की वरून जेवढे येईल तेवढे खाली जाणारच. त्यामुळे जूनमध्ये पडलेला पाऊस आणि तलाव भरल्यावर पडलेला तेवढाच पाऊस यांत आपल्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला तलावात साठतो, दुसरा थेट काठावर येतो. धरणाच्या खालच्या डोंगरांतून ओढ्यांनी येणारे पाणी त्यात आणखी भर घालते, आणि त्याचा निरोप कुणी धाडत नाही.

निरोपाची साखळी कागदावर चोख आहे. तलाव भरत आला की मुंबई महापालिका ठाणे आणि पालघर या दोन्ही जिल्हा प्रशासनांना सावध करते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमले आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. तिथून निरोप तहसीलदारांकडे, मग तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. इथवर ठीक. पण पोलीस पाटलांपासून नदीलगतच्या शेवटच्या झोपडीपर्यंतचे अंतर कोण कापणार? वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, रात्रीचे दोन वाजलेत, अशा वेळी व्हॉट्सॲपवरचा संदेश कुणाच्या उपयोगाचा? ही शेवटची कडी सरकारला जोडता येणार नाही. ती आपणच जोडायची.

कोल्हापूरकडे पाहा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पाणी किती फुटांवर आहे हे विचारतच तिथला पावसाळा जातो. आपल्याला मात्र ‘पाणी लय वाढलंय’ यापलीकडे बोलायला आकडा नाही. म्हणून पहिली मागणी: पुलाच्या खांबावर फुटांच्या ठळक खुणा रंगवून घ्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यासह. आजवरच्या पुराचे पाणी कुठवर चढले होते हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्याचीही खूण करा. धरणातून सुटलेले पाणी इथे पोहोचायला किती तास लागतात, हे जलसंपदा विभागाने आणि जिल्हा नियंत्रण कक्षाने ग्रामपंचायतीला लेखी कळवावे, असा ठराव या आठवड्यात विशेष ग्रामसभा बोलावून करा. बॅटरीवर चालणारा भोंगा घ्या. तो वाजवण्याची जबाबदारी दोघांना नावानिशी द्या, एक गावाला गेला तर दुसरा असेल.

त्याच सभेत पूररेषेचेही विचारा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे लालपर्यंत निर्बंध. आपल्या हद्दीत या रेषा कुठून जातात, त्यांच्या आत किती भराव पडलाय, कुणाची कुंपणभिंत ओढ्याच्या तोंडावर उभी आहे, हे विचारायला कचरू नका. नदीची पसरायची जागा एकाने दाबली तर पाणी दुसऱ्याच्या ओटीवर चढते. शेजारधर्म म्हणून गप्प बसण्याची ही बाब नव्हे.

आता घराघरासाठी. पाणी अचानक गढूळ झाले, ओंडके-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की आदेशाची वाट पाहू नका. गुरांचे दावे सोडा, कागदपत्रे आणि औषधे प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, मेन स्विच बंद करा आणि चढाला लागा. वाहती लाकडे धरायला किंवा मासे पकडायला पुरात उतरू नका. चुलीचे सरपण फुकट मिळते म्हणून हा मोह होतो हे आम्ही जाणतो, तरीही नको. बोट येईल या भरवशावरही राहू नका. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली आणि सुटका होत असतानाच माणसे बुडाली.

बाहेरून येणाऱ्या भाविकांना आणि सहलीला येणाऱ्यांना हात जोडून सांगणे आहे: वज्रेश्वरी आईचे देऊळ टेकडीवर आहे, दर्शन जरूर घ्या. पण अकलोलीची गरम पाण्याची कुंडे नदीच्या अगदी काठाला आहेत. पूर आला की नदी त्यांच्यावरून जाते, आणि तेव्हा कुंड कुठे आणि पात्र कुठे हे इथल्या माणसालाही ओळखता येत नाही. पुलावर पाणी असताना गाडी घालू नका. हॉटेल-लॉजवाल्यांनी पाहुण्यांना हे तोंडी सांगावे, नुसता फलक लावून हात झटकू नयेत.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीच्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेला 108. दारामागे खडूने लिहून ठेवा.

आणि एक काम आज संध्याकाळीच. आपल्या आळीत अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरत आलेली बाई कुठल्या घरात, एकटी राहणारी म्हातारी कोण, आणि पाणी चढले तर त्यांना उचलून न्यायला कोण दोघे जातील, ही नावे एका कागदावर लिहा. एक प्रत पोलीस पाटलांकडे द्या, एक अंगणवाडीताईंकडे.