धरसोड की घडण?

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" मुलगा दुसरी नोकरी सोडून तिसरीकडे निघाला की घरात ही म्हण हमखास ऐकू येते. दिल्लीतल्या करोल बागेत आणि लगतच्या जुन्या राजेंद्रनगरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मराठी मुलांनाही ती चांगली ओळखीची आहे. त्यांतल्या कित्येकांनी आधी कुठे ना कुठे नोकरी केलेली असते, दोनतीन गावे बदललेली असतात. घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, "आता तरी एका जागी टिकणार का?"

हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण गावे आणि नोकऱ्या मोजून माणसाची धरसोड ठरते का?

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचेच पाहा. १९५१ साली जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. परिस्थिती बेताची. मजुरीपासून हॉटेलातल्या कामापर्यंत मिळेल ते करत त्यांनी शिक्षण रेटले. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्यावर १९७६ साली ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तिथे विंचू चावलेले रुग्ण येत. लाल विंचवाचा दंश म्हणजे नुसती आग नव्हे. त्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो. मग हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि सकाळी खेळणारे मूल रात्री दगावते. यावर खात्रीचा इलाज तेव्हा पुस्तकांतही नव्हता.

बावस्कर रुग्णाच्या खाटेजवळ बसून तासातासाच्या नोंदी ठेवू लागले. धोक्याची सूचना देणारी लक्षणे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुण्यात एम. डी. झाल्यावर शहरात दवाखाना थाटणे त्यांना अवघड नव्हते. ते पुन्हा कोकणातच गेले. रक्तदाबासाठी दिली जाणारी 'प्राझोसिन' ही साधी गोळी या विषाच्या परिणामांवर उतारा ठरते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'ने छापले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावत, ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे महाडला पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हेच काम चालू ठेवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तातडीच्या उपचारांची शाखा आपल्याकडे वैद्यकशिक्षणात स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाली ती २००९ साली. बावस्करांनी तेच काम त्याच्या कितीतरी आधी, आडगावच्या आरोग्य केंद्रात केले.

गरिबीत करावी लागलेली कामे गौरवण्यासारखी नसतात. कोणत्याही मुलावर ती वेळ येऊ नये. पण त्या कामांमुळे त्यांचे आयुष्य विस्कटले नाही, कारण शिकण्याची ओढ प्रत्येक मुक्कामी त्यांच्याबरोबर होती. आणि मोठ्या शहरातच राहिले असते, तर अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसांचे हे दुखणे त्यांना इतक्या जवळून दिसलेही नसते.

तेव्हा मुलाने किंवा मुलीने काम बदलले, की आधी म्हण ऐकवू नका. मागच्या कामातून काय घेऊन निघालास, एवढे विचारा. उत्तर नसेल तर काळजी करायला जागा आहे, आणि तेव्हा स्पष्ट बोलावेही. पण उत्तर असेल, तर ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. वर्षभर घरी फोनच न करणारी मुले बहुधा अशीच असतात, ज्यांचे उत्तर कुणी ऐकलेले नसते.

आणि हो, कधी घरात कुणाला विंचू चावला, घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मंत्रतंत्रात वेळ घालवू नका. तडक रुग्णालय गाठा. इलाज आता आहे, तो वेळेत मिळायला हवा.