भाडोत्री कोणाला म्हणता?

यंदा गणेशोत्सवात कामरेजच्या आमच्या मंडळात एका विद्वान वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय मराठ्यांचा पराक्रम. सुरतेपासून अटकेपर्यंत घोडी दौडवून झाली, टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून कुणीतरी महायुद्धातल्या मराठा पलटणींबद्दल विचारले. वक्ते हसून म्हणाले, "ते काय हो, पोटार्थी भाडोत्री! साहेबाच्या पगारासाठी लढले." पुन्हा टाळ्या. घरी आल्यावर माझ्या मुलाने बाहेरच्या खोलीतला माझ्या चुलत आजोबांचा गणवेशातला फोटो उतरवला आणि माळ्यावर टाकला. हे लिहिणे त्या फोटोपायी आहे.

पोटासाठी गेले, हे शंभर टक्के खरे. पण आम्ही तरी साताऱ्याकडून इथे तापीकाठी कशाला आलो? कामरेज एकेकाळी गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होते म्हणून? छे! वडिलांना मागावर काम मिळाले म्हणून. पोटासाठी गाव सोडणारा भाडोत्री ठरत असेल, तर चार रस्त्याच्या चारही बाजूंना राहणारी निम्मी वस्ती, मराठी काय आणि सौराष्ट्रातली काय, भाडोत्रीच म्हणायची.

इटलीत सुमारे ५० हजार हिंदी सैनिक लढले, ५,७८२ जण तिथेच राहिले. त्यांतले एक माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची सगळी तुकडी मशीनगनपुढे कोसळली, उभे राहिले ते एकटे. तसेच धावत गेले, बॉम्ब टाकून तोफची बंद केला, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय २२. पुढल्या वर्षी एप्रिलात सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर वाहून आणले आणि मग परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पगार घेणारा माणूस पगारापुरते करतो. हे कोणत्या पगारात बसते, ते वक्त्यांनी सांगावे.

पण मला याहून मोठी वाटते ती माँतेगुफोनीची गोष्ट. फ्लॉरेन्सजवळच्या या जुन्या गढीत उफीत्सी संग्रहालयातली चित्रे लपवून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचे जगप्रसिद्ध 'वसंत'सुद्धा. तळघरात आसपासच्या खेड्यांतले निर्वासित, वर चित्रे, आणि संग्रहालयाचा ग्रंथपाल फ्लॉरेन्सहून पायी येऊन त्यांची राखण करत बसलेला. १९४४ च्या उन्हाळ्यात त्या गढीत शिरली मराठा लाइट इन्फंट्री. आघाडी जवळ होती, तोफा चालू होत्या, आणि आपली साताऱ्या-कुलाब्याची पोरे दुसऱ्याच्या देशातल्या चित्रांवर पहारा देत होती. सुरतेची लूट म्हटली की आमची गुजराती शाळेतली मुले वर्गात मान खाली घालतात, आणि घरी आपण छाती फुगवतो. मराठी शिपायाने न लुटलेल्या खजिन्याची ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली आहे का?

आता कोणी म्हणेल, युद्ध तर इंग्रजांचे होते. होते. १९३९ साली व्हाइसरॉयने आपल्याला न विचारताच देश युद्धात लोटला. त्या आधीच्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूत इथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. उपासमारीने ती फौज शरण गेली तो दिवस २९ एप्रिल १९१६. त्याच दिवशी डब्लिनमध्ये आयरिश बंडखोरांनी इंग्रजांपुढे शस्त्रे ठेवली. आणि त्या बंडखोरांवर ट्रिनिटी कॉलेजातून गोळ्या झाडणाऱ्यांत रजेवर आलेले काही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक होते! ऑस्ट्रेलियात आयरिश वंशाची वस्ती मोठी. तिथे आर्चबिशप मॅनिक्स सक्तीच्या भरतीविरुद्ध उभे राहिले आणि १९१६ व १९१७ साली लोकांनी ती दोनदा फेटाळली. एकाच घरातला एक भाऊ इंग्रजी गणवेशात, दुसरा इंग्रजांविरुद्ध, हे आयरिश माणसाला नवे नाही.

त्याने काय केले? आधी आपल्याच वक्त्यांसारखे केले. पहिल्या महायुद्धात दोनेक लाख आयरिश लढले, पण परत आलेल्यांची नावे स्वतंत्र आयर्लंडमध्ये दबक्या आवाजात घेतली जात. डब्लिनचे स्मारक-उद्यान बांधून तयार होते, त्याचे रीतसर उद्घाटन व्हायला १९८८ उजाडले. १९९८ मध्ये मात्र बेल्जियममधल्या मेसेन इथे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा आणि इंग्लंडची राणी त्या मेलेल्यांसाठी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. साम्राज्याला क्षमा केली असे नव्हे. साम्राज्य वेगळे आणि त्यात सापडलेले पोर वेगळे, एवढा फरक त्यांना कळला. तो आपल्याला कळू नये?

घाडगे पडले त्या मुलखातल्या माँतोने गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. इटालियन लोकांनी त्यांना भाडोत्री म्हटले नाही. आणि ज्यांच्या अंगणात लढाई झाली त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते, असे आमचे वक्ते समजतात.

माझे चुलत आजोबा इटलीतून जिवंत परत आले. लढाईबद्दल कधी बोलत नसत. एवढेच सांगत, की तिथली पोरे छावणीच्या कुंपणाशी येऊन "पाने, पाने" म्हणायची. त्यांना आधी वाटले, ही पानेच मांडायला सांगताहेत. पाने म्हणजे त्यांच्या भाषेत पाव. मग ते रोज आपल्यातला अर्धा पाव कुंपणाबाहेर देत. शेवटपर्यंत रात्री जेवायला बसताना ते पानाकडे बघून जरा थांबत, आणि आजी ओरडे, "भावजी, अन्न निवतंय."

फोटो मी माळ्यावरून काढला. काच तडकली होती, ती कामरेज बाजारातून बदलून आणली. खिळा जुनाच आहे.